नानाच्या वाट्याची मूठ

शनिवारचं ऊन अंगणात उतरलं तरी रोटाचे गहू गिरणीवर गेले नव्हते.

उद्या रविवारी घरात कानबाई देवी बसायची होती. घर धुऊन-पुसून झालं होतं, देवीच्या चौरंगाला नवी साडी आली होती, गंगाफळ ओट्यावर येऊन पडलं होतं. गिरणीवाल्याने रीतीप्रमाणे गिरणी धुऊन ठेवली होती आणि तो निरोपावर निरोप धाडत होता, की काकू, तुमचे गहू येईस्तोवर मला दुसऱ्याची ज्वारी घालता येत नाही आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने बोटं मोडतंय. वच्छलाबाई त्याला काय सांगणार? त्यांच्या घराण्यात कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू पडायचा, आणि तो त्या-त्या घरच्या कर्त्यानेच सुपात टाकायचा. थोरल्या घराच्या मुठी पडल्या होत्या. धाकट्या घराच्या राहिल्या होत्या. धाकटं घर म्हणजे सुकलाल, वच्छलाबाईंचा दीर, साऱ्या भाऊबंदकीचा नाना. आणि नाना तिकडे शिरपुरात रुसून बसला होता.

साठी उलटलेल्या माणसाला रुसायला कारणही तसंच लागतं. कारण चार पानी होतं, गुळगुळीत कागदावर होतं, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्याला गणपती होता.

तो उद्योग भूपेंद्रचा. वच्छलाबाईंच्या या थोरल्या मुलाचा शिरपुरात छापखाना, आणि हयात लग्नपत्रिका छापण्यात गेलेली. धाकटा जगदीश पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो इंटरनेटवर ब्लॉग लिहायचा. मराठीत, सोप्या भाषेत, कुणीही वाचावं असा. 'काय बिघडलं?' असं त्याचं नाव. त्यात 'माझ्याविषयी' म्हणून एक मोठं पान होतं. कुठे शिकलो, कुठे नोकरी केली, कशाची आवड आहे, कोणाकोणाचे उपकार, असं सगळं. भूपेंद्रच्या हाती ते या उन्हाळ्यात लागलं आणि भावाच्या कौतुकाने त्याचा ऊर भरून आला. त्याने ते जसंच्या तसं छापलं आणि कानबाईच्या आवतणासोबत शिरपूरपासून धुळ्यापर्यंत घरोघर वाटलं.

आता खानदेशात छापील कागद हातात आला की माणूस आधी काय बघतो? आपलं नाव. पत्रिका मजकुरासाठी कोण वाचतं? भाऊबंदकीनेही ते पान पत्रिकेसारखंच वाचलं. आबांचं नाव होतं, आबा म्हणजे वच्छलाबाईंचे गेलेले मालक रुपचंद. धुळ्याच्या पॉलिटेक्निकचे सर होते. चाळीसगावात कॉम्प्युटर क्लास चालवून जगदीशला पहिला पगार देणारे योगराजभाऊ होते. भुसावळला एका खोलीत राहून दोघांनी रेल्वे वसाहतीत केबल ओढल्या, तो पंडित नावाचा मित्र होता. इतकंच काय, त्या खोलीखालचा चहावाला निंबाही होता. नानाचं नाव चार पानांत कुठेच नव्हतं.

नानाचा मुलगा योगेंद्र दारात उभा राहून मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. तो निरोप घेऊन आला होता आणि निरोप सांगायला त्याला जड जात होतं.

"मोठी माय, बाबा येत नही," तो म्हणाला. "म्हने, मन्ही मूठ त्या निंबाले टाकाले सांगा. त्यानं नाव छापेल शे."

वच्छलाबाईंना आधी हसू आलं. पण सुकलाल हे असं बोलला म्हणजे त्याला खोल लागलं होतं.

"मी काना-मात्रा बदला नही," भूपेंद्र आधीच स्वतःच्या बचावाला उठला. "जे व्हतं ते छापं. पन एवढं काय त्यान्हं? मी आत्ते जास, नानानं नाव छापीसन पट्टी आनस. पत्रिकामा मामानं नाव ऱ्हायी गयं की आमी तसंच चिकटाडतस."

"मामा चिकटी जास," वच्छलाबाई म्हणाल्या. "नाना नही चिकटनार."

जगदीशची बायको दिपमाला चाळीसगावची, शाळेत शिकवणारी, घरातही पुस्तकासारखी बोलायची. ती स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "पट्टीने काय होणार दादा? आणि तुम्ही हो," ती नवऱ्याकडे वळली, "चहावाला आठवला तुम्हाला, आणि काका आठवले नाहीत? प्रत्येक सुट्टी त्यांच्या दुकानात काढलीत ना?"

जगदीश खांबाला टेकून बसला होता. चाळिशी ओलांडलेला, कानाशी केस पिकलेला माणूस. पण आईला तो या क्षणी दहा वर्षांचा दिसत होता, काच फोडून आल्यासारखा.

"आठव ऱ्हायनी नही असं नही," तो म्हणाला. "मी त्यास्नं नाव मुद्दाम नही लिखं."

योगेंद्रच्या बोटावरची किल्ली थांबली. "मुद्दाम?"

"मुद्दाम!" भूपेंद्र ओरडला. आतापर्यंत भावाची बाजू लढवणारा हा गडी एका शब्दात पलीकडे गेला. "म्हंजे मी बठ्ठी भाऊबंदकीमा नानाना अपमान वाटत फिरनू! माले गोत्यामा घालं तू!"

आणि आत्तापर्यंत नवऱ्याला टोचणारी दिपमाला, त्याचा चेहरा बघून, त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "दादा, थांबा जरा. त्यांचं काहीतरी कारण असेल."

"काय कारन शे, ते तरी सांगू दे!" योगेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात आता वडिलांचा राग होता.

"तुमले सांगीसन काय फायदा?" जगदीश खाली बघत म्हणाला. "ज्याले सांगानं त्या तं येत नहीत."

वच्छलाबाईंना एवढंच ऐकायचं होतं. त्या उठल्या. देवीपुढचं सूप त्यांनी उचललं, वर पांढरा रुमाल झाकला आणि चपला घातल्या. "चाल," त्या जगदीशला म्हणाल्या. "गाडी काढ."

"माय! कानबाईनं सूप उंबराबाहेर?" भूपेंद्र हबकला.

"गिरनीवर जास तवय उंबराबाहेरच जास ना? आज जरा लांबून जाई."

गाडीत त्या पुढे बसल्या, मांडीवर सूप. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागली होती. जगदीश सावकाश चालवत होता, खड्डा आला की आधी सुपाकडे बघत होता.

वच्छलाबाईंना या मुलाचं काम कधी नीट कळलं नव्हतं. भूपेंद्रचं कळायचं, कागदावर शाई दिसते. जगदीश मात्र चाळीसगावात पोरांना शिकवायचा, मग भुसावळला वायरी ओढायचा, मग पुण्यात गेला आणि त्याच्या कामातून दिसण्यासारखं सगळं नाहीसं झालं. मोठाली यंत्रं कुठेतरी दूर थंड खोलीत असतात म्हणे, ती बंद पडू नयेत हे तो बघतो. आणि बंद पडली तर का पडली ते शोधतो. पगार मोठा होता, म्हणून काम खरं असणार, एवढं त्यांनी मानून घेतलं होतं. सुट्टीत आला की जुने रेडिओ गोळा करायचा, उघडायचा, पुन्हा जोडायचा. ती आवड कुठून आली हे मात्र कुणी सांगायची गरज नव्हती.

सुकलालचं शिरपुरात मोटार रिवाइंडिंगचं, जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती बैलगाडीत, पुढे पुढे टेम्पोत घालून त्याच्याकडे आणायचे. त्यांना घाई असायची, लाइटीची पाळी चुकायला नको. पण सुकलाल मोटार दुरुस्त करून सोडायचा नाही. जळालेली कॉइल हातात धरून म्हणायचा, "दख भो, आठे जयनं. आते काब्र जयनं ते ऐक." का जळालं ते गिऱ्हाईकाने ऐकलं, डोकं हलवलं, की मग मोटार मिळायची. सांगितल्याशिवाय काम पुरं होत नाही असं त्याचं म्हणणं होतं, आणि या खोडीपायी त्याची चार गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. शेजारी स्टुलावर बसलेला जगदीश मात्र हजार प्रश्न विचारायचा आणि उलट सुकलालही त्याला विचारायचा. गेल्या वर्षी सुकलालचा हात कापू लागला. बारीक तार धरवेना. त्याने दुकान बंद केलं, पाटी तेवढी ठेवली.

"काब्र नही लिखं रे?" त्यांनी शेवटी विचारलंच.

जगदीशने गाडी आणखी हळू केली. "चार बखत लिखं, माय. चारी बखत खोडं. 'माझे काका सुकलाल यांच्यामुळे मला यंत्रांची आवड लागली.' असं लिखं की त्या कोनी परका मानूस वाटेत. सत्कारमा शाल देतस तसा."

वच्छलाबाईंना हे अर्धं समजलं, अर्धं नाही. पण पोरगं खोटं बोलत नव्हतं.

शिरपुरात नानाच्या बायकोने, दिवालीबाईंनी, दार उघडलं आणि जावेच्या हातातलं सूप बघून तोंडावर पदर घेतला. "वहिनी, तुमी सूप लयी उन्या?"

नाना मागच्या पडवीत खाटेवर बसला होता. समोर ट्रान्झिस्टर उघडून ठेवलेला, हातात पेचकस. त्याने मान वर केली नाही. हात कापतो हे दिसू नये म्हणून त्याने मनगट गुडघ्यावर दाबून धरलं होतं, हे वच्छलाबाईंच्या लगेच लक्षात आलं. त्या या घरात नवरी होऊन आल्या तेव्हा सुकलाल सात वर्षांचा होता आणि सासू अंथरुणाला खिळलेली. दिराला अहो-जाहो करायची रीत त्यांनाही ठाऊक होती. पण ज्याचं नाक आपल्या पदराने पुसलं त्याला अहो कसं म्हणायचं?

"सुकलाल, मूठ टाक," त्या म्हणाल्या. "गिरनीवाला खोळंबना."

"मन्हा काय संबंध, वहिनी? मी त्या पोऱ्याना कोन?" तो पेचकसाशी बोलला. "चहावाला शे. केबलवाला शे. मी नही. बरं शे. मन्ह दुकानबी आते नही. गये ते गये."

शेवटचं वाक्य तो इतक्या हळू बोलला की वच्छलाबाईंचे डोळे भरून आले. हा रुसवा नावाचा नव्हताच. आपण होतो, की नव्हतोच, असं त्याला वाटायला लागलं होतं.

जगदीश खाटेजवळ खाली जमिनीवर बसला. "नाना, मी एक वाचस. मंग नका बोलू मन्हासंगे."

"मी ऐकत नही."

"नका ऐकू." त्याने फोन काढला आणि वाचायला लागला.

"तुमच्या गावात लाइट जाते आणि विहिरीवरच्या सगळ्या मोटारी बंद पडतात. मग लाइट येते. ज्याच्या-त्याच्या मोटारीला ऑटो स्विच. सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि गावाला वीज देणारा डीपी जळतो. आमच्याकडे परवा तेच झालं. पैसे पाठवायचं एक यंत्र थोडा वेळ बंद होतं. तोवर लोक मोबाइल हातात धरून थांबले होते. यंत्र उठलं, सगळे एकदम आत घुसले, आणि यंत्र पुन्हा पडलं."

"एकच यंत्र कसाले?" नाना न राहवून बोलला. "बाजूले दुसरं ठेवानं."

जगदीशने मान वर केली नाही. पुढची ओळ वाचली. "तुम्ही म्हणाल, एकच यंत्र कशाला? बाजूला दुसरं ठेवायचं. ठेवलं होतं."

"दोन्ही एकच डीपीवर ठेवेल व्हयी."

"'दोन्ही एकाच डीपीवर ठेवली असतील,' तुम्ही म्हणाल. बरोबर. तिथेच चुकलं."

पेचकस थांबला. नानाने पहिल्यांदा पुतण्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, खोटं नाणं तपासावं तसं.

"तू मन्ह ऐकीसन मनानंच जोडी ऱ्हायना."

"नही, नाना."

"आन तो फोन."

दिवालीबाईंनी चष्मा आणून दिला. नानाने फोन दोन्ही हातांत धरला, तरी तो हलत होता. त्याने ती ओळ शोधली. पुन्हा वाचली. वरची तारीख बघितली. होळीच्या आधीची होती. तरी त्याचं समाधान होईना. "दुसरं दखाड," तो म्हणाला. "जुनं. तू सांगस ते नही, मीच काढस." त्याने बोटाने पान सरकवत सरकवत कितीतरी खालचं, मधलंच काहीतरी काढलं. थंड खोलीतलं एसी यंत्र बंद पडल्यावर काय झालं त्याची हकीकत होती. तो ओठ हलवत वाचत गेला. मध्येच थांबला, आणि सवयीने, आपण रुसलो आहोत हे विसरून, मोठ्याने म्हणाला, "पन मंग खिडकी काब्र नही उघडी?"

त्याने पान वर सरकवलं आणि चष्मा काढून पुन्हा लावला.

"काय शे?" वच्छलाबाईंनी विचारलं.

नानाने फोन तसाच पुढे धरला. दिवालीबाईंना वाचता येत होतं. त्यांनी खांद्यावरून वाकून वाचलं. "'मग खिडकी का नाही उघडली, असं तुम्ही विचाराल,'" त्या वाचत म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "हाई तं तुमीच शेतस वो."

नाना फोनकडे बघत राहिला.

"जयेल भाग ठेवा, का फेकी दिधा?" त्याने शेवटी विचारलं.

"खाले दखा. शेवटनी ओळ."

नानाने खाली सरकवलं आणि ती ओळ स्वतःच मोठ्याने वाचली, एकेक शब्द सुटा करत. "जळालेला भाग मी फेकलेला नाही. टेबलावर ठेवला आहे. या कधीतरी, दाखवतो."

"कोनले सांगी ऱ्हायना तू हाई बठ्ठं?"

"तुमले," जगदीश म्हणाला. "पुनाले यंत्र बिघडस, आमी नीट करतस, आन् बठ्ठा घर चालना जातस. कोनी विचारत नही, काय बिघडनं, काब्र बिघडनं. माले घर जाईसनबी काम सरेल वाटे ना. फोनवर तुमी 'बरं शे, ठेव' म्हनतस आन् ठेवी देतस. म्हनीसन लिखाले लागनू. बारा वरीस व्हयनात. तुमी काय विचारशात ते मनमा आनस, आन् लिखस. ज्यासनासंगे बोलस त्यास्नंच नाव मधमा कसं लिखू, नाना? मी आते तुमनासंगे बोली ऱ्हायनू, यामा 'सुकलाल नाना म्हने' असं म्हनस का?"

"मंग माले दखाडं काब्र नही, बारा वरीस?"

जगदीश ओशाळून हसला. "भेव वाटे. तुमी चूक काढशात म्हनीसन."

नाना हसला नाही. त्याचा खालचा ओठ कापत होता, आणि ते हाताच्या दुखण्यामुळे नव्हतं. वच्छलाबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. लहानपणी हा रडायच्या आधी असाच दिसायचा आणि कुणी बघितलं की त्याला चालायचं नाही. त्यांना रुपचंदांची आठवण झाली. ते असते तर आत्ता काहीतरी वेडंवाकडं बोलून सगळ्यांना हसवलं असतं.

नानाने नाक ओढलं, फोन पुतण्याच्या हातात दिला आणि पडवीच्या कडेला जाऊन हातपाय धुऊन आला. पंच्याने हात कोरडे केले. "आन वहिनी," तो म्हणाला.

दिवालीबाईंनी घरचे गहू पितळी परातीत आणले. वच्छलाबाईंनी सूप पुढे धरलं, रुमाल बाजूला केला. नानाने मूठ भरली. हात कापत होता, दाणे बोटांच्या फटीतून सुटत होते, म्हणून वच्छलाबाईंनी सूप आणखी पुढे, अगदी त्याच्या मुठीखाली नेलं. एकही दाणा जमिनीवर गेला नाही. स्वतःची मूठ, दिवालीबाईंची, योगेंद्रची, सुनेची, नातवाची. वरची पाव-पाव मूठही तो विसरला नाही.

"त्या निंबानं नाव राहू दे," मुठी टाकता टाकता तो म्हणाला. "चहा चांगला करस का तो?"

"उधारीवर चांगला करे," जगदीश म्हणाला, आणि दिवालीबाईंना एकदम हसू फुटलं.

"भूपेंद्रले सांग, पट्टी-बिट्टी चिकटाडानी नही. कागद खराब व्हस."

दिवालीबाई दाराला कडी घालून गाडीत मागे बसल्या, वच्छलाबाई त्यांच्याशेजारी, दोघींच्या मध्ये सूप. नाना पुढे बसला. गाडी चोपडा रस्त्याला लागली, बंद दुकानाच्या पाटीसमोरून गेली. नानाने पाटीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मंग?" तो म्हणाला. "दोन्ही यंत्रं एकच डीपीवर व्हतात. पुढे काय करं तुमी?"

"ते अजून लिखेल नही, नाना."

नानाने सीट मागे सरकवली आणि नीट बसला.

"लिखू नको," तो म्हणाला. "सांग."